सातव्या नंबरची नाविकगाथा

४ ऑक्टोबर

चि. मित्सुरू यास,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोनवर तुला "कामात आहे ताई" म्हणून तोडता येतं, पत्राला तसं करता येत नाही. शिवाय तू पत्रं उघडतोस हे अख्ख्या हिरोशिमाला माहीत आहे. दर रविवारी दुपारी लोकांची पोस्टकार्डं रेडिओवर वाचून दाखवण्याचाच तर पगार घेतोस.

तुझा 'दुसरा डाव' हा जुन्या गेमांवरचा कार्यक्रम आम्ही ऐकतो. आम्ही म्हणजे आई आणि मी. बाबा ऐकत नाहीत. ते त्याच खोलीत, रेडिओपासून हातभर अंतरावर, वर्तमानपत्र उलटं धरून बसलेले असतात एवढंच.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात बागेतल्या संत्र्यांवरची जादा फळं खुडताना बाबा शिडीवरून पडले आणि घोटा मोडून घेतला. घाबरू नकोस, आता काठीने चालतात. पण त्या दोन-तीन महिन्यांत त्यांनी माझा जीव खाल्ला. दवाखान्याच्या बाकावर पाय लांब करून बसायचे आणि माझ्या प्रत्येक पेशंटला सांगायचे, "तोमोए उजवीकडून सुरुवात करते, मी डावीकडून करायचो." पेशंट तोंड उघडं ठेवून बिचारे कोणाकडे बघणार. शेवटी आई म्हणाली, "ह्यांना कशात तरी गुंतव बाई, नाहीतर लोक दात दाखवायला पलीकडच्या बेटावर जातील." मग मी गाद्यांच्या कपाटातून तुझं जुनं गेमचं यंत्र काढलं. कॅसेट आत तशीच होती. नाविकगाथा, भाग दुसरा.

हसू नकोस. हो, तेच बाबा. तू दातांचं शिकणं अर्ध्यात टाकलंस तेव्हा "दुसऱ्यांच्या गोष्टींना नंबर देऊन कोणाचं पोट भरतं का" असं म्हणणारे. त्यावर तू म्हणालास की मग ह्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि दोघांनीही आपापला हेका असा सांभाळलाय की बोटीने तासाभराच्या अंतरावर राहून तुम्ही वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मला काडीचं वाईट वाटलेलं नाही. ती दवाखान्याची खुर्ची मला लहानपणापासून हवी होती. तू पळालास म्हणून मिळाली, आणि मी मजेत आहे.

तर बाबा खेळायला लागले. पहिल्याच गावात अडले. तुमचा तो नायक लोकांच्या घरात शिरून माठ फोडतो आणि आतली नाणी घेतो ना? बाबांनी रिमोट खाली ठेवला. "हा कोणाचा मुलगा? न विचारता घरात शिरतो?" मी म्हटलं, खेळच तसा आहे, सगळे फोडतात. "सगळे फोडत असतील. हा नाही फोडणार." झालं. तेव्हापासून एकही माठ फुटलेला नाही, गाठीला दमडी नाही आणि नायकाच्या हातात अजून सुरुवातीचं लाकडी वल्हंच आहे. समोर राक्षस आला की बाबा सरळ पळतात. म्हणतात, जखमा घेऊन घरी कसं जायचं.

नायकाचं नाव काय ठेवलंय ते विचारू नकोस. सांगायला मनाई आहे.

सध्या तिसऱ्या बंदरातला जकातदार वाट सोडत नाहीये. काय करायचं ते कळव. मला कळव, त्यांना नको. मीच अडलेय असं समज.

तुझी ताई,
तोमोए

ता. क. संत्री अजून आंबट आहेत. गोड झाली की पेटी पाठवते.


२ नोव्हेंबर

चि. मित्सुरू,

तुझं कार्ड मिळालं. "सुका मासा दे. मि." इतक्या वर्षांनी भावाचं पत्र आलं ते असं. आईने ते फ्रीजवर लावायला घेतलं होतं, मी बाबांच्या भीतीने माझ्या खिशात ठेवलं.

जकातदाराने मासा घेतला आणि वाट सोडली. बाबांनी मला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"एका पेशंटने सांगितलं."

"हुशार दिसतो. दात कसे आहेत त्याचे?"

"देव जाणे. कित्येक वर्षांत दाखवायलाच आला नाही."

बाबा चष्मा पुसत बसले.

आता तुझ्या कार्यक्रमाबद्दल. नाविकगाथेच्या सात भागांपैकी सगळ्यांत चांगली गोष्ट कोणती, हे नवीन वर्षापर्यंत तळापासून वर जात सांगणार म्हणालास तेव्हा आमच्या घरी भांडणाला तोंड फुटलं. आईचा चौथा भाग. त्यातली राणी नवऱ्याचं अख्खं आरमार बुडवते आणि शांतपणे चहा पिते, ते आईला फार आवडलंय. हे सगळं तिला तू चौथीत असताना जेवताना सांगितलं होतंस, तिने एकदाही खेळून पाहिलेलं नाही, तरी ती तुझ्याशी वाद घालायला तयार आहे. माझा पाचवा. त्यात दोन बहिणी चाचेगिरी करतात आणि भावाला बोटीवर घेत नाहीत.

आणि तू सातव्या नंबरवर, तळाला, कोणता टाकलास? दुसरा. तुझे शब्द मला पाठ झालेत. "नायकाचा बाप दीपगृह सांभाळतो आणि खेळभर एकच वाक्य बोलतो. आलास? जेवायला बस. जिंकून या, हरून या, मरता मरता घरी या, तेच. लिहिणाऱ्याला पार कंटाळा आला असणार."

ज्यांचं ऐकण्याकडे लक्ष नसतं त्या गृहस्थांच्या हातून वर्तमानपत्र खाली पडलं. काठी न घेता उठले. "एकच वाक्य?" म्हणाले. "ह्याने नीट बघितलंय का?" आई म्हणाली, "कोणी हो?" तर म्हणाले, "कोणी नाही. भरती किती वाजता आहे ते ऐकत होतो."

त्यानंतरच्या दोन्ही रविवारी तू कोणा अक्कलदाढ नावाच्या श्रोत्याची पोस्टकार्डं वाचलीस. "श्री. निवेदक, आपण दीपगृहातल्या गृहस्थांना किती वेळा भेटायला गेलात? माणूस एकदा दार उघडून निघून गेला, तर घरातला दुसरं काय बोलणार?" तू खूप हसलास आणि म्हणालास, अक्कलदाढ आजोबा भारी खवट आहेत, पण मला आवडले. कोण असतील बुवा. आमच्या बेटावर एवढं खवट कोणीच नाही. शिवाय पोस्टाच्या पेटीपर्यंत काठी टेकत टेकत जाईल असंही कोणी नाही.

ते आणखी लिहितील असं मला आपलं वाटतंय. नीट वाच.

ताई


१६ नोव्हेंबर

मित्सुरू,

चि. वगैरे आज लिहीत नाही. मी रागावले आहे.

आज दुपारी तू अक्कलदाढ आजोबांचं कार्ड वाचलंस. त्यांनी लिहिलं होतं की दीपगृहातला बाप एकदा मुलाला म्हणतो, "दिवा मी बोटींसाठी लावतो, तुझ्यासाठी नाही. पण काच पुसतो ती तुझ्या यायच्या वेळेला." वाचून झाल्यावर तू म्हणालास, हा खेळ मला तोंडपाठ आहे, असं वाक्य त्यात कुठेच नाही. आजोबांना दुपारच्या डुलकीत दिसलं असेल किंवा ते सरळसरळ थापा मारताहेत. मग तुझ्याबरोबर कार्यक्रम करते ती मुलगी हसली, तूही हसलास आणि गाणं लावलंस.

तुला आतापर्यंत कळलंच असेल, पण मी स्पष्टच लिहिते. ते बाबा आहेत. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकाही पेशंटला, लहान पोरालासुद्धा, "दुखणार नाही" असं सांगितलं नाही, कारण ते खोटं असतं, त्या माणसाला तू थापाड्या म्हणालास. चारचौघांत नाही, रेडिओवर.

बाबांनी रेडिओ बंद केला. यंत्राच्या तारा गुंडाळल्या, नीट, जशी त्यांची सवय आहे, आणि सगळं गाद्यांच्या कपाटात परत ठेवून दिलं. आईने केलेलं कालवण तसंच राहिलं. हे मी आता लिहितेय तेव्हा ते बागेत आहेत आणि उगाच झाडं मोजताहेत.

तू आयुष्यभर जे कधी केलं नाहीस ते त्यांनी काय केलं, सांगते. त्या खेळात प्रत्येक बंदरात एक दुकान आहे ना, जिथे सुकी अंजिरं, रंगीत शिंपला, गुळाची वडी असलं काहीबाही मिळतं आणि त्याखाली लिहिलेलं असतं, 'काही उपयोग नाही'? तू विकत घेतलंस कधी? नाहीच घेणार. तुझं लक्ष तलवारीवर. बाबांनी प्रत्येक बंदरात आधी ते घेतलं. माठ फोडत नाहीत, त्यामुळे हातात पैसा नाही, तरी जे होतं ते त्यात घातलं. मी म्हटलं, बाबा, ह्याचा उपयोग नाही असं लिहिलंय. तर म्हणाले, "गावाला गेलेला मुलगा रिकाम्या हाताने घरी येतो का? तुझी आई काय म्हणेल?" आणि होडी वळवून पार पहिल्या गावात दीपगृहापर्यंत परत गेले. बापाला अंजिरं दिली, रात्री घरी झोपले. सकाळी बाप नवीन बोलला. दर बंदरामागे नवीन. बनवणाऱ्यांनी ते सगळं तिथे ठेवलं होतं, फक्त घरी काही घेऊन येणाऱ्यासाठी. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नसेल, कारण तुम्ही सगळे शूरवीर पुढेच पळत होतात.

आणि आता ते सांगते जे सांगायला मनाई होती. नायकाचं नाव त्यांनी मित्सुरू ठेवलंय.

रोज संध्याकाळी आई भात लावते, त्याच्या वासावर बाबा होडी वळवतात. समुद्र कुठलाही असो, कामगिरी अर्धी असो. "चल मित्सुरू, घरी," असं पुटपुटतात, आम्हाला ऐकू जात नाही असं समजून. त्याला दीपगृहात नेऊन झोपवतात आणि मगच आपण जेवायला येतात. खेळायला लागल्यापासून हे एक दिवस चुकलेलं नाही. पहिल्यांदा मी ते दारातून ऐकलं तेव्हा परत दवाखान्यात गेले आणि हत्यारं धुतलेली होती ती पुन्हा धुतली, कारण मला रडू आवरत नव्हतं.

आज मित्सुरू कपाटात आहे.

तू स्वतः खेळून बघ. खरं निघालं तर रेडिओवर बोललास तसं रेडिओवरच बोल. मी हे सगळं सांगितलं असं त्यांना कळलं तर माझी धडगत नाही, तेवढं सांभाळ.

तोमोए


७ डिसेंबर

चि. मित्सुरू,

परत चि. झालास.

आज तुझ्या आवाजाच्या ह्या बाजूला काय झालं ते तुला ठाऊक असायला हवं, म्हणून लगेच लिहायला बसले. बाबांनी रेडिओ लावायचा नाही असं ठरवलं होतं. आईने लावला आणि आवाज भरपूर मोठा केला. बाबा म्हणाले, "कमी कर तो." आई म्हणाली, "माझे कान गेलेत. तुमच्याशी संसार करून गेलेत." 

तू सुरुवातच केलीस, "अक्कलदाढ ह्यांची मी माफी मागतो." बाबा संत्रं सोलत होते. तू म्हणालास की कुठूनतरी कॅसेट मिळवून खेळ नव्याने सुरू केलास, अंजिरं घेतलीस, घरी गेलास. आणि ते दिव्याच्या काचेचं वाक्य तू वाचायला घेतलंस आणि मध्येच थांबलास. इतका वेळ थांबलास की आई उठली आणि रेडिओ बंद पडला म्हणून त्याला दोन चापट्या मारल्या. मग तुझा आवाज आला, जरा जाडसर, आणि आई रेडिओवर हात तसाच ठेवून उभी राहिली.

बाबांनी तेवढ्यात त्या संत्र्याच्या एकेका फोडीवरचे सगळे पांढरे धागे काढले. कधी काढत नाहीत.

तू म्हणालास, सातवा नंबर रिकामा ठेवतोय आणि दुसऱ्या भागाचा नंबर मी ठरवू शकत नाही, कारण मी तो पुरता खेळलेलोच नाही. आणि विचारलंस, "अक्कलदाढ, सगळ्या भेटवस्तू घरी नेल्यावर ह्या गोष्टीचा शेवट काय होतो? कृपा करून कळवा."

कार्यक्रम संपल्यावर बाबांनी स्वतः कपाटातून यंत्र काढलं. आई मुद्दाम शेजारी गेली आणि मी मुद्दाम गेले नाही. म्हणून विचारलं, "शेवट काय होतो हो बाबा?"

"कोणाला माहीत."

तेव्हा मला कळलं. सगळी बंदरं झालीत, सगळ्या वस्तू घरी पोचल्यात, आणि बाबांनी शेवट पाहिलेलाच नाही. शेवटच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी पडद्यावर प्रश्न येतो ना, 'ह्यापुढे परतीची वाट नाही. जायचं?' बाबा कितीतरी दिवसांपासून तिथपर्यंत जातात, प्रश्न वाचतात, 'नाही' दाबतात आणि त्याला घेऊन घरी येतात.

मी म्हटलं, खेळच आहे, जाऊ द्या त्याला. ते म्हणाले, "एकदा जाऊ दिलं होतं."

त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर पोस्टाने येणार नाही. नवीन वर्षाला घरी ये आणि समोर विचार. ते तुला बोलावणार नाहीत, वाट बघू नकोस. पण जेवताना आईला म्हणाले, "एकतीस तारखेला दुपारची बोट असते ना?"

"तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही. नुसतं विचारायचंसुद्धा नाही का घरात?"

संत्री गोड झालीत. पेटी पाठवत नाही. येऊन खा.

ताई


६ जानेवारी

चि. मित्सुरू,

तू पोचलास, कामाला लागलास, हे रविवारी कळलंच. आवाजावरून वजन वाढलेलं वाटतंय. आईचा विजय.

तू जे पाहिलंस ते तुला सांगत नाही. जे तुला दिसलं नाही ते सांगते. तू दुपारच्या बोटीने येणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी बाबा सकाळच्या बोटीला धक्क्यावर हजर होते. दवाखान्यातले जुने बूट पॉलिश करून घातले होते. घरी येऊन म्हणाले, "वारा कसा आहे ते बघून आलो." मग साडेअकराच्या मालाच्या बोटीला गेले, जिच्यातून फक्त सिमेंट आणि कोंबड्यांचं खाद्य येतं. तेव्हाही वाराच बघत होते. आई म्हणाली, "आज वाऱ्याचं काही खरं नाही," आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे जाऊन तिकिटाच्या टपरीआड उभ्या राहिलो. तू आम्हाला नंतर पाहिलंस, पण आम्ही तुला बोट वळायच्या आधीपासून बघत होतो.

तू उतरलास आणि काही न बोलता दोन्ही हातांनी मेपलच्या पानांच्या आकाराच्या त्या केकचा खोका पुढे धरलास. बाबा खोक्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील दातांना वाईट. आणि ते म्हणाले,

"आलास? जेवायला बस."

भर धक्क्यावर. आईला राहवेना. "अहो, इथे कुठे बसवताय त्याला, दोरखंडावर?" मग तू हसलास, आणि बाबा हसले तेव्हा त्यांची वरची मागची दाढ हललेली मला लांबून दिसली. कालच काढली. उजवीकडून.

तुम्ही दोघं वर्षअखेरीच्या शेवया खाताना तिसऱ्या आणि सहाव्या भागावरून जे भांडलात, त्याने शेजारच्या आजी विचारायला आल्या होत्या की सगळं ठीक आहे ना. आई म्हणाली, "ठीक आहे, एकदम ठीक आहे," आणि त्यांना केक देऊन पाठवलं. सहाव्या भागात मेलेला माणूस परत येतो ह्याला बाबा गोष्ट मानत नाहीत हे अजूनही कायम आहे. मी इतकी खूश आहे की पेशंटच्या तोंडात हात असताना गुणगुणते. एकाने तक्रार केली.

आता शेवटचं. काल संध्याकाळी आईने भात लावला. वास सुटला तरी बाबांनी होडी वळवली नाही. सामुद्रधुनीपाशी गेले, प्रश्न आला. आई चमचा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"आज?" ती म्हणाली.

"जाऊ दे त्याला. येतो तो परत."

आणि 'हो' दाबलं. आत तो मोठा सागरी सर्प होता. तुला आठवत असेल, मित्सुरूच्या हातात लाकडी वल्हं. सर्पाच्या एका फटक्यात गेला. पडदा काळा झाला. आई "अगंबाई" म्हणाली. बाबा हलले नाहीत, रिमोट घट्ट धरून बसून होते. मग पडदा हळूहळू उजळला, आणि मित्सुरू दीपगृहातल्या त्याच गादीवर जागा झाला. बाप दारात उभा होता. त्याने तुझं ते कंटाळवाणं वाक्य म्हटलं.

बाबा आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा. सांगितलं नव्हतं?" आणि दोन वाट्या भात जेवले.

त्यांना आता एक बरी तलवार हवी आहे, एकही माठ न फोडता. ती कुठे मिळते हे विचारायला येत्या रविवारी तुझा कार्यक्रम संपला की ते तुला फोन करणार आहेत. पोस्टकार्ड नाही म्हणाले, वेळ जातो.

उचल.

ताई